घरभर वाय-फाय

गोदावरीला पूर आला की नाशिकची माणसे एकच विचारतात, "दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं?" कमरेपर्यंत की छातीपर्यंत? तेवढ्यावरून पूर केवढा ते कळते. मोबाईलच्या वरच्या कोपऱ्यात वाय-फायच्या कमानी असतात, त्याही अशाच खुणा आहेत. खालचा ठिपका धरून चार मोजा. जितक्या भरलेल्या, तितका जोर तिथवर पोचला.

जुन्या नाशकातल्या एका वाड्यात आमच्या वर्गातल्या एक आजी राहतात. त्यांची नात बारावीला होती. तिची शिकवणी मोबाईलवर चाले. पण तिची खोली पार मागे, तिथे वाय-फाय पोचेना. पोर वही घेऊन रात्री नऊपर्यंत गल्लीतल्या ओट्यावर बसायची. येणारेजाणारे बघत. घरात कुणकुण सुरू झाली, की शिकवणी बंदच करावी.

आम्ही म्हटले, "आजी, आधी मोजू या." आजी नुकत्याच आकडे लिहायला शिकल्या होत्या. खोलीखोलीत उभे राहून त्यांनी कमानी मोजल्या आणि वहीत लिहिले : ओसरी ४, चौक २, माजघर १, मागची खोली ०, स्वयंपाकघर ०. शून्य जरा वाकडे आले, पण हिशेब खरा होता.

आता असे का झाले ते पाहू. वाय-फायची पेटी, म्हणजे राउटर, रेडिओच्याच जातीच्या लाटा सोडते. अशा लाटा भिंतीपलीकडे जातात हे जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात लोकांसमोर दाखवले होते. त्यांनी भिंतीआडची घंटा तारेवाचून वाजवली. पण प्रत्येक भिंत लाटेचा थोडा जोर खाते. वाड्याची भिंत दगडमातीची, हातभर जाड. तिच्यातून पलीकडे गेलेली लाट दमलेली असते. लोखंड, पत्रा, तांबे तर तिला आल्या वाटेने परत धाडतात. आरशामागे धातूचा लेप असतो, तोही तसाच. पाणी लाट पिऊन टाकते. म्हणून टाकीआड किंवा माशांच्या काचपेटीआड राउटर ठेवू नये.

आजींच्या घरी पेटी कुठे होती? दाराशी, जमिनीवर, लोखंडी कपाटामागे! तार गल्लीतून आली, म्हणून बसवणाऱ्याने तिथेच ठेवली. निम्म्या लाटा गल्लीतच जात होत्या.

आम्ही लांब तार घेऊन पेटी माडीवर, चौकाकडच्या कठड्याजवळ उंच ठेवली. चौक मोकळा, तिथे लाटेला भिंत आडवी येत नाही. पेटीच्या काड्या उभ्या केल्या. उभ्या काडीच्या लाटा चहूबाजूंना पसरतात, टोकाच्या दिशेने फार थोड्या जातात.

बऱ्याच पेट्यांत दोन प्रकारच्या लाटा असतात. एक सेकंदाला सुमारे २४० कोटी कंपनांची. ती हळू, पण भिंती ओलांडायला बरी. दुसरी ५०० कोटींहून अधिक कंपनांची. ती वेगवान, पण जाड भिंतीपुढे लवकर हार मानते. मोबाईलमध्ये दोन नावे दिसली आणि एकाच्या शेवटी ५जी लिहिलेले असले, तर ती ही दुसरी. मोबाईल कंपनीच्या ५जीशी तिचा संबंध नाही, बरे का! मागच्या खोलीसाठी आम्ही पहिली निवडली.

आजींच्या मुलाने आधीच पैसे घालून एक रिपीटर आणला होता. लाट पकडून पुढे पाठवणारे हे यंत्र. ते त्याने मागच्या खोलीतच लावले होते, आणि मग म्हणे, "पैसे बुडाले." अहो, जिथे लाटच पोचत नाही तिथे ते पुढे काय पाठवणार? विहिरीवरून हातोहात घागरी देताना मधला माणूस मधेच उभा लागतो. यंत्र माजघरात आणले, कारण तिथे आता कमानी ३ होत्या. असे यंत्र वेग थोडा कमी करते, हेही सांगून ठेवतो. वेगही हवा असेल तर पेटीपासून खोलीपर्यंत सरळ तार ओढणे सगळ्यांत चांगले.

आजींनी पुन्हा फेरी मारली. चौक ४, माजघर ३, मागची खोली ३. त्या रात्री नात आपल्या खोलीत शिकली, ओटा रिकामा राहिला. स्वयंपाकघर मात्र १ वरच अडले. तिथल्या फळीवर तांबट आळीतून घेतलेल्या हंड्या-घागरींची रांग आहे. त्या हलवायला आजी तयार नाहीत.