परवान्यानंतरची पहिली खरेदी

हौशी रेडिओचा परवाना हाती येताच मन बलाढ्य यंत्राकडे धावते. आम्हीही त्याच मोहात होतो. परंतु गणित निराळे निघाले. २५ वॉटांचे १०० वॉट केले, तरी दूरच्या ग्राहकयंत्राच्या मापकावर संदेश जेमतेम एक अंश चढतो. आणि आपणांस ऐकू येणारे तर तिळमात्र वाढत नाही! उत्तम एरियल मात्र बोलताना व ऐकताना, दोन्ही वेळी उपयोगी पडते. चाळीस मीटरच्या पट्ट्यासाठी सुमारे २० मीटर तांब्याची तार घ्यावी, मध्यावर तोडून तेथे केबल जोडावी व शक्य तितकी उंच ताणावी. म्हणून आम्ही जुनाच संच, आमच्यादेखत चालवून पाहून, घेतला आणि उरलेले पैसे तारेवर व उंच बांबूंवर खर्चिले. वळवाच्या विजा चमकू लागण्यापूर्वी ती तार संचापासून सोडवावी लागते, एवढेच.