शिकलेले भय आणि दांपत्यजीवन

धर्मादाय रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात लैंगिक समस्यांवरील लेख कशासाठी, असा प्रश्न काही हितचिंतकांना पडेल. हुडकेश्वरसारख्या वाढत्या वस्तीत अशी जोडपी बहुधा ‘मूल होत नाही’ एवढेच सांगतात. तपासण्या प्रथम सुनेच्या होतात. विवाहानंतर संबंधच आलेला नाही, ही गोष्ट फार उशिरा उघड होते. तोवर भिंतींवरील ‘गुप्तरोग’ जाहिरातींनी पैसा आणि धीर दोन्ही हिरावून घेतलेले असतात.

मधुमेह, रक्तदाब, चालू औषधे यांची तपासणी आधी झालीच पाहिजे. शारीरिक कारण न आढळल्यास पुष्कळदा मूळ भयात सापडते, आणि हे भय शिकलेले असते. पावलॉव्ह यांच्या प्रयोगातील कुत्र्याला खाण्याआधीच्या इशाऱ्यानेच लाळ सुटू लागली. त्याचप्रमाणे पहिल्या रात्रीचे अपयश, वेदना किंवा लज्जा यांची सांगड शय्यागृहाशी बसते. पुढे नुसती वेळ जवळ आली तरी पुरुषाची ताठरता ओसरते किंवा स्त्रीचे योनिस्नायू आपोआप आवळले जातात. यात हट्ट नसतो, अनिच्छाही नसते.

मग टाळाटाळ सुरू होते. पती उशिरापर्यंत जागतो, पत्नीचे डोके दुखते. त्या रात्रीपुरती सुटका होते, आणि ही सुटकाच टाळण्याचे बक्षीस ठरून सवय पक्की करते. काळ जाईल तसे सारे सुरळीत होईल, हा वडीलधाऱ्यांचा सल्ला येथे निरुपयोगी ठरतो तो याच कारणाने.

जोसेफ वोल्पे यांनी जोहान्सबर्ग येथे पिंजऱ्याला भ्यालेल्या मांजरांना आधी दूर, मग क्रमाक्रमाने पिंजऱ्याजवळ अन्न दिले आणि त्यांचे भय ओसरले. १९५८ च्या ग्रंथात त्यांनी हे तत्त्व मांडले : भय आणि स्वस्थता एका वेळी नांदत नाहीत. मास्टर्स व जॉन्सन यांनी १९७० मध्ये दांपत्यांसाठी उपचारपद्धती प्रसिद्ध केली. तिची पहिली आज्ञा ऐकून जोडपी चकित होतात : काही काळ समागम वर्ज्य! परीक्षाच रद्द झाल्याने नापास होण्याची धास्ती जाते; मग केवळ सुखद स्पर्शापासून टप्प्याटप्प्याने पुढे जाता येते. योनिस्नायू आवळणाऱ्या स्त्रीला दीर्घ श्वसनासह स्वतःचे बोट किंवा क्रमाने वाढत्या आकाराची साधने वापरण्यास शिकवतात. गती तिनेच ठरवायची असते.

चुकीच्या समजुतीही शिकलेल्याच. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवून या विषयावर स्पष्ट लिहिले आणि त्यापायी खटले सोसले. वीर्यनाशाच्या भीतीवर आजही कित्येकांची दुकाने चालतात, हे खेदजनक आहे.

एक मर्यादा स्पष्ट करतो. समलैंगिकता हा आजार नाही. ती ‘बदलण्यासाठी’ एके काळी विजेचे झटके देत. ते निष्फळ व क्रूर होते. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवले.

कुटुंबीयांना एक विनंती. उपचार चालू असताना दर महिन्याला ‘काही बातमी?’ असे विचारू नये. रद्द केलेली परीक्षा त्या प्रश्नाने पुन्हा सुरू होते.