महाद्वारातील दोन समाध्या

पंढरपुरी भीमा चंद्रकोरीप्रमाणे वळते, म्हणून ती येथे चंद्रभागा म्हणविते. पंढरीच्या कथाही अशाच तिच्या स्थळांना बिलगून आहेत. संतांची चरणधूळ लाभावी म्हणून नामदेव महाराजांनी महाद्वाराच्या पायरीखाली समाधी घेतली, असे परंपरा सांगते. भाविक मात्र त्या पायरीवर पाऊल ठेवीत नाहीत, मस्तक ठेवतात! समोरच संत चोखामेळ्यांची समाधी आहे. मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत कोसळून ते निवर्तले. त्यांच्या अस्थी नामदेवांनीच येथे आणिल्या, अशी श्रद्धा आहे. हयातीत चोखोबांना हे द्वार ओलांडता आले नाही. समाधीपासून पायरीपर्यंतचे अंतर मोजक्या पावलांचे. ते सरण्यास शतके लोटली. साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ साली मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या भाविकांस खुले झाले. दर्शनास जाताना अनेक वारकरी आधी चोखोबांस वंदन करितात, मग पायरीस.