दुखापतीनंतरचा आहार : उष्मांकांचा हिशेब

बालाघाटच्या डोंगररांगांनी व्यापलेल्या बीड जिल्ह्याचा मोठा भाग अवर्षणप्रवण आहे. दसरा-दिवाळी झाली की येथील असंख्य कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. फडातील काम म्हणजे दिवसभर वाकून कोयता चालविणे आणि उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वाहनावर चढणे. पाय घसरून गुडघा दुखावणे किंवा हाड मोडणे तेथे नवलाचे नाही. पती-पत्नीच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. त्यातील एक जण जायबंदी झाला की जोडीचे काम अडते. मुकादमाकडून घेतलेली उचल मात्र अंगावर राहते. अशा माणसाने पुन्हा धडधाकट उभे राहणे हा कुटुंबाच्या चरितार्थाचा प्रश्न असतो. औषधोपचाराइतकाच त्याचा संबंध आहाराशीही आहे.

श्रम थांबतात, ताट तेच राहते

अन्नातून मिळणारी ऊर्जा उष्मांकांत मोजतात. त्यालाच व्यवहारात कॅलरी म्हणतात. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषाला जड श्रमांच्या दिवशी सुमारे ३,४७० उष्मांक लागतात. बैठ्या दिनक्रमात २,११० पुरतात. ५५ किलो वजनाच्या स्त्रीच्या बाबतीत हे आकडे अनुक्रमे २,७२० व १,६६० आहेत. याचा अर्थ असा की, काम सुटल्यावर पुरुषाची दैनंदिन गरज सुमारे १,३६० उष्मांकांनी घटते. भूक आणि सवय मात्र कामाच्या दिवसांचीच राहते. अशा वेळी उरलेली ऊर्जा चरबीच्या रूपाने साठते.

हे वाढलेले वजन दुखऱ्या सांध्याला जाचते. गुडघ्याच्या संधिवाताच्या रुग्णांवरील २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की, शरीराचे वजन एक किलोने घटले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

भाकरीच्या मापाने हिशेब

उष्मांक मोजण्यासाठी महागड्या साधनांची गरज नाही. १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ३५०, तर ज्वारीत सुमारे ३३५ उष्मांक असतात. म्हणजे ६० ग्रॅम पिठाची एक भाकरी साधारण २०० उष्मांकांची झाली. तेलाचा लहान चमचा (५ ग्रॅम) ४५ उष्मांकांचा आणि साखरेचा तेवढाच चमचा २० उष्मांकांचा. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, शेंगदाण्यांतून दीडशेच्या वर उष्मांक मिळतात. जड श्रम आणि बैठा दिनक्रम यांतील वर सांगितलेला फरक या मापाने सहा ते सात भाकरींचा भरतो.

आठवडाभर जे खाल्ले-प्यायले ते वहीत टिपावे. चहाही सोडू नये. प्रत्येकी दोन चमचे साखरेचे चार कप चहा म्हणजे १६० उष्मांक होतात. ज्याचे वजन वाढून स्थिरावले आहे, त्याने रोज दोन भाकरी व चहातील निम्मी साखर कमी केली, तर सुमारे ४८० उष्मांक वाचतात. एक किलो चरबीत साधारण ७,७०० उष्मांक साठलेले असतात. या हिशेबाने एक किलो घटण्यास किमान सोळा दिवस लागतात. प्रत्यक्षात वेग याहून मंद असू शकतो. झटपट वजन उतरविण्याचा हव्यास धरू नये.

काय कमी करू नये

जखम भरून येताना व हाड सांधताना शरीराला प्रथिनांची विशेष गरज असते. त्यामुळे डाळ, मटकी, दूध, ताक, अंडी यांत काटकसर करू नये. ३० ग्रॅम तूरडाळीतून अथवा एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. भाकरी कमी झाली तरी ताटातील वरण व पालेभाजी तशीच राहावी. मोठ्या दुखापतीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत वजन घटविण्याचा विचारच करू नये. पुढेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच आहार बदलावा आणि त्यांनी सांगितलेला व्यायाम नियमाने करावा.

हा हिशेब सर्वांसाठी नाही. मुळातच कृश असलेल्या व्यक्ती, रक्तक्षय झालेल्या स्त्रिया, गरोदर व स्तनदा माता आणि वाढत्या वयाची मुले यांनी उष्मांक कमी करणे अपायकारक आहे. मधुमेहावर औषध घेणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय आहार घटवू नये.

गावाचा वाटा

फडावरून जायबंदी होऊन परतलेल्या मजुराची माहिती ग्रामपंचायत सदस्यांनी आशा कार्यकर्तीला कळवावी. उपकेंद्रात पंधरवड्यातून एकदा, त्याच काट्यावर व शक्यतो त्याच वेळी, त्याचे वजन नोंदवावे. शिक्षकांना गणिताच्या तासाला भाकरी, तेल व साखर यांचे उष्मांक मुलांकडून काढून घेता येतील. घरी वही लिहिणारा हात बहुधा शाळेत जाणाऱ्या मुलाचाच असतो.

पुढचा हंगाम जवळ आला की उचलीच्या ओझ्यापायी अर्धवट बरा झालेला माणूसही कोयता उचलतो. त्याआधी मिळणारे हे थोडे महिने सकस आणि मोजक्या आहाराने सत्कारणी लागले, तर सांध्यावरचा भार तरी हलका होईल.