नूतनीकरणानंतर सुरू न होणारा संगणक : आधी दप्तर, मग यंत्र

शाळेचे दप्तर पूर्वी लाकडी कपाटात असे. आज पटाची माहिती, हजेरी, निकालपत्रके व पत्रव्यवहार यांचा पुष्कळसा भाग संगणकात असतो. विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे अनेक संगणकांवर विंडोज ११ घालावी लागते. अशा नूतनीकरणानंतर, म्हणजे अपग्रेडनंतर, एखादे वेळी संगणक सुरूच होत नाही. मग घाईने हार्ड डिस्क फॉरमॅट केली जाते. यंत्र चालू होते. परंतु मुलांच्या नोंदी जातात. कपाटाचे कुलूप अडकले म्हणून आतील कागद कोणी जाळीत नाही. तोच न्याय येथे लावावा.

संगणक कसा सुरू होतो?

बटण दाबताच प्रथम संगणकाच्या मुख्य पटलावरील स्थायी कार्यक्रम जागा होतो, यंत्राचे भाग तपासतो व पडद्यावर उत्पादकाचे चिन्ह उमटवितो. नंतर तो डिस्कवरील आरंभक कार्यक्रम शोधतो. हा आरंभक विंडोजचा गाभा स्मृतीत आणतो. त्यामागून यंत्राचे निरनिराळे भाग चालविणारे ड्रायव्हर येतात व शेवटी प्रवेशाचा पडदा दिसतो. गाडी कोणत्या टप्प्यावर थांबली हे पाहिल्यास दोष कोठे शोधावयाचा हे कळते. चिन्हही उमटत नसेल तर वीज, पडद्याची तार किंवा यंत्राचा भाग तपासावा. चिन्हानंतर ठिपक्यांचे वर्तुळ फिरतच राहिले, किंवा दोषाची सूचना येऊन संगणक पुन:पुन्हा बंद होऊ लागला, तर दोष बहुधा नव्या प्रणालीत वा ड्रायव्हरमध्ये असतो.

उपायांचा क्रम

१. टक्केवारीचा आकडा दिसत असेल तर वाट पाहावी. नूतनीकरणास तासाहून अधिक वेळ लागू शकतो. मध्येच वीज तोडणे हेच पुष्कळदा बिघाडाचे कारण ठरते.

२. संगणक बंद करून पेनड्राइव्ह, प्रिंटर इत्यादी काढावे. कळफलक व माऊस ठेवावे. विजेची तार काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरावे व पुन्हा सुरू करावे.

३. सुरू होण्यात दोन-तीन वेळा लागोपाठ अडथळा आला की विंडोज आपण होऊन दुरुस्तीचा पडदा दाखविते. त्यात ‘ट्रबलशूट’, मग ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ निवडून ‘स्टार्टअप रिपेअर’ करून पाहावे.

४. न साधल्यास तेथेच ‘स्टार्टअप सेटिंग्ज’मधून संगणक पुन्हा सुरू करून ४ हा अंक दाबावा. सेफ मोडमध्ये केवळ अत्यावश्यक ड्रायव्हर चालतात. संगणक असा सुरू झाला तर सर्वप्रथम नोंदींची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. दोषी ड्रायव्हर काढण्याचे काम त्यानंतर.

५. नूतनीकरणास दहा दिवस झाले नसतील तर त्याच ठिकाणाहून जुन्या प्रणालीकडे परतता येते.

६. एवढ्यानेही काम न झाल्यास जाणकाराकडून डिस्क दुसऱ्या संगणकास जोडून प्रत घ्यावी. ‘रिसेट’ हा उपाय त्यानंतरचा. त्यात ‘कीप माय फाइल्स’ निवडले तरी बसविलेले कार्यक्रम जातात, हे विसरू नये.

एक बोधप्रद उदाहरण

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कार्यक्रमाची एक सदोष फाइल जगभर पाठविली गेली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक सुरू होईनासे झाले. विमानतळ, बँका, रुग्णालये यांचे व्यवहार खोळंबले. तथापि या संगणकांतील माहिती शाबूत होती. पुष्कळ ठिकाणी सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढताच संगणक पूर्ववत् चालू झाले. मात्र ज्यांच्या डिस्कला बिटलॉकरचे सांकेतिक कुलूप होते, त्यांस आधी ४८ अंकी किल्ली शोधावी लागली. ही किल्ली नसेल तर जाणकारासही डिस्कवरील माहिती वाचता येत नाही.

पूर्वतयारी

यावरून नूतनीकरणापूर्वी करावयाच्या गोष्टी स्पष्ट होतात. सर्व नोंदींची प्रत संगणकाबाहेर ठेवावी व ती उघडते की नाही हे दुसऱ्या संगणकावर पाहावे. बिटलॉकरची किल्ली कागदावर लिहून मुख्याध्यापकांच्या कुलपात ठेवावी. परीक्षेच्या वा निकालाच्या दिवसांत नूतनीकरण करू नये. संगणकासाठी एक लहानशी नोंदवही घालून त्यात कोणत्या दिवशी काय बदलले ते लिहावे. दोष शोधताना तिचा फार उपयोग होतो. दुरुस्तीस यंत्र देताना “नोंदींची प्रत घेतल्यावाचून डिस्क पुसू नये” असे लेखी द्यावे. यंत्र नवे मिळू शकते. मुलाच्या हजेरीची वा गुणांची एकमेव नोंद गेली तर ती परत मिळविण्यास मार्ग नसतो.