खायचं काय, ते आधी बोलू

किडनीच्या ओपीडीत आहाराचा सल्ला द्यायला बसते, तेव्हा माझा निम्मा वेळ लोकांनी उगीच बंद केलेलं पुन्हा चालू करून देण्यात जातो. त्यातून जमलेलं काही.

१. आधी रिपोर्ट, मग पथ्य. पोटॅशियम नॉर्मल असताना फळं-पालेभाज्या सोडून बसलेले कितीतरी भेटतात. काहीजण तर शेजारच्या पेशंटच्या तक्त्याची झेरॉक्सच घेऊन येतात.

२. डायलिसिस सुरू झालं की प्रथिनांचा हिशेब बदलतो. त्याआधी वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण ०.६ ते ०.८ ग्रॅम, नंतर १ ते १.२, कारण डायलिसिसमध्ये अमिनो आम्लं निघून जातात. पण घरात ‘डाळ बंद’ हे एकदा ठरलं की ठरलं. पेशंट पेज-भातावर राहतो आणि दंड सुकत जातात. अंडं खायला सांगितलं की काकू डॉक्टरांना पुन्हा विचारून येतात. विचारावंच, आधी त्यांना नेमकं उलटं सांगितलेलं असतं.

३. आषाढी जवळ आली की उपासाचा विषय निघतोच. ‘करू नका’ म्हटलं तर आजी मान डोलावतात आणि घरी जाऊन करतात. म्हणून मी फराळाचं ताटच बोलायला घेते. साबुदाण्यात पोटॅशियम फारसं नसतं. ते येतं बटाटा, दाण्याचं कूट, रताळं, केळं, खजूर आणि वरून प्यायलेल्या शहाळ्यातून. मग भगर चालेल, दाण्याची आमटी नको. काकडीची कोशिंबीर कुटाशिवाय. बटाटा हवाच असेल तर सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडायचा, ते पाणी फेकायचं आणि दोन-चार फोडींवर थांबायचं. सैंधव उपासाला चालतं, पण तेही मीठच.

४. ‘लो सोडियम’ मिठाचं पाकीट मुलगा हौसेनं आणतो. त्यात सोडियमऐवजी बरंचसं पोटॅशियम क्लोराइड असतं. किडनी ते बाहेर टाकू शकत नसेल तर हृदयाचे ठोके बिघडतात. असं पाकीट पेशंटच्या घरात नकोच.

५. पाण्याचं माप बहुधा दिवसभराची लघवी अधिक ५०० मिली असं धरतात. तेवढं पाणी सकाळी बाटलीत भरून ठेवायचं. चहा, ताक, आमटी घेतली की तेवढंच बाटलीतून ओतून टाकायचं. संध्याकाळी बाटलीच हिशेब दाखवते. आणि लोणचं-पापड चालू असतील तर तहान आवरणार नाही, मग पेशंटला रागावून उपयोग नाही.

६. फॉस्फरसची गोळी जेवणासोबतच. उपाशीपोटी घेतली तर जेवणातलं फॉस्फरस अडवायला ती उरतच नाही.

७. वही घेऊन मुलगा येतो, स्वयंपाक सून करते. भाजीत मीठ किती, हे त्याला ठाऊक नसतं. मी तिथूनच सूनबाईंना फोन लावायला सांगते. पुढच्या खेपेला मिठाच्या बरणीतला चमचा पिशवीत टाकून आणा, असंही सांगते; कोणाचा चहाचा निघतो, कोणाचा पोह्यांचा.