खालच्या माणसाला सांगून उडवा

2024 च्या पावसाळ्यात पुणे, बीड आणि जालना जिल्ह्यांतल्या अनेक गावांनी रात्री जागून काढल्या. अंधारात दिवे घिरट्या घालताना दिसायचे, चोर टेहळणी करताहेत अशी बोलवा उठायची आणि माणसे काठ्या-बॅटऱ्या घेऊन पहाऱ्याला बसायची. विषय विधिमंडळापर्यंत गेला. पुढच्या वर्षी पश्चिम उत्तर प्रदेशात अशाच अफवांतून निरपराधांना मारहाण झाली.

हौसेने ड्रोन उडवणाऱ्याला हे माहीत असायलाच हवे. खाली उभ्या माणसाला ड्रोन कुणाचा, कशासाठी, काय टिपतोय, यातले काहीही कळत नाही. त्याला ऐकू येते ती फक्त घरघर.

वाईकडच्या एका हौशी ड्रोनचालकाला हे चांगलेच समजले. सकाळच्या धुक्यातला डोंगर टिपायला त्याने सोसायटीच्या गच्चीवरून ड्रोन सोडला. नोंदणी झालेली, वजन दोन किलोच्या आत, नकाशावर हिरवा पट्टा. ‘ड्रोन नियम 2021’ नुसार तिथे 400 फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. एवढा छोटा ड्रोन केवळ हौसेसाठी उडवायचा तर वैमानिकाचे प्रमाणपत्रही नको. बॅटरी उतरली तसा ड्रोन आपोआप परत फिरला. परतताना तो ठरवलेली उंची गाठतो आणि सरळ रेषेत येतो. त्या रेषेखाली कुणाचे घर आहे हे त्याला ठाऊक नसते. उतरताना वाऱ्याने तो शेजारच्या इमारतीकडे सरकला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीसमोर क्षणभर थबकला. तिथे एक बाई न्हाऊन केस वाळवत उभ्या होत्या.

पाच मिनिटांत त्यांचे यजमान खाली. याने नोंदणीचा कागद काढला, तसे ते अधिकच भडकले. “कागद काय दाखवतोस? आधी काय काढलंयस ते दाखव!”

मागणी रास्त होती. संध्याकाळी तो कार्ड घेऊन त्यांच्या घरी गेला आणि टीव्हीवर सगळे चित्रण लावले. शंभर मीटरवरून त्यांची गच्ची नखाएवढी दिसत होती. अशा ड्रोनच्या साध्या, रुंद भिंगातून 12 मेगापिक्सेलच्या फोटोत त्या उंचीवर एकेक ठिपका सुमारे चार सेंटिमीटर जागा व्यापतो. चेहरा त्यात ओळखू येणे शक्य नाही. सगळे जरा सैलावले. मग शेवटचे काही सेकंद आले. पंधरा मीटरवरून दोरीवरच्या साडीचे काठसुद्धा स्पष्ट दिसत होते. कुणी काही बोलले नाही. तेवढा भाग त्याने तिथेच, त्यांच्यादेखत पुसला.

त्या दिवसापासून तो उड्डाणाआधी शेजाऱ्यांना वेळ सांगतो आणि रिमोटवरचा पडदा बघायला कुणाला तरी सोबत घेतो. उड्डाण गच्चीऐवजी मोकळ्या रानातून, म्हणजे परतीची रेषा घरांवरून जात नाही. चढता-उतरताना कॅमेरा थेट जमिनीकडे वळवलेला. झूमचे भिंग असेल तर उंचीचा दिलासा खोटा ठरतो, हेही तो नवशिक्यांना बजावतो.

हिरवा पट्टा विमानांच्या सुरक्षेपुरता आहे, माणसांच्या खासगीपणाचा तो परवाना नव्हे. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. खासगी क्षणी स्त्रीला चोरून पाहणे वा तिचे चित्रण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे. शिवाय स्थानिक पोलिसांचे मनाईहुकूम निघतात, मुंबईत तर वारंवार. ते उड्डाणाआधी तपासलेच पाहिजेत.

आणि गावकऱ्यांना ड्रोनचेच वावडे असते म्हणावे, तर सोनोरीचे उदाहरण आहे. पुरंदर तालुक्यातल्या या गावात गावठाणाची मोजणी ड्रोनने प्रायोगिक तत्त्वावर झाली. अशाच मोजणीसाठी 2020 मध्ये आलेल्या स्वामित्व योजनेच्या आधीची ही गोष्ट. अशा मोजणीत आधी नोटीस निघते, ग्रामसभेत माहिती दिली जाते, मग घरांच्या हद्दी चुन्याने आखल्या जातात. त्या फक्कीच्या रेघांमुळे वरचे यंत्र आपलेच काम करते आहे हे सगळ्यांना दिसते. हौशी मंडळींनी उचलण्यासारखी रीत हीच आहे, असे मला मनापासून वाटते.

रहिवाशांसाठीही सांगणे आहे. अमेरिकेत केंटकीतल्या हिलव्ह्यू गावी जुलै 2015 मध्ये एकाने आपल्या आवारावरचा ड्रोन बंदुकीने पाडला. मुली अंगणात ऊन खात असताना तो वर घिरट्या घालत होता, असे त्याचे म्हणणे. तो 200 फुटांच्या वर होता, असे ड्रोनमालकाचे. गोळी झाडणाऱ्याला अटक झाली. ऑक्टोबरमध्ये न्यायाधीशांनी आरोप फेटाळले, पण मालकाने लावलेला दावा 2017 पर्यंत चालला. दोघांत उड्डाणाआधी एक शब्दही झाला नव्हता.

म्हणून दगड भिरकावू नका. जखमी झालेला ड्रोन कुणाच्याही डोक्यात पडू शकतो. वेळ आणि दिशा टिपून ठेवा, मोबाइलवर चित्रण करा. छोट्या ड्रोनचा चालक बहुधा जवळपासच, मान वर करून उभा असतो. दोन-चार जण मिळून जा आणि चित्रण दाखवायला सांगा. नकार मिळाला किंवा चालक सापडलाच नाही, तर 112 ला फोन करा.